सहीपुरती ओळख

दार ढकलून भानुदास गुप्ते आत आला तेव्हा स्नेहलता नेमकी इंग्लंडात बोटीतून येणाऱ्या लोकांबद्दल बोलत होती. त्यांना पहिल्याच दिवशी परत पाठवायला हवं, असं ती म्हणत होती, आणि समोर बसलेला मॅल्कम पेल्याच्या काठाआडून मान डोलवत होता. योकोहामातल्या कान्नाई स्टेशनच्या मागच्या गल्लीतला हा पब. मालक जपानी, पण तरुणपणी दोन वर्षं लिव्हरपूलला राहून आलेला, त्यामुळे इथली बिअर कोमट आणि बटाटे जाडजूड. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी कोपऱ्यातलं मोठं टेबल ह्या मंडळींचं असे. भानुदासने ओली छत्री दारातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, आतल्या अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबला, आणि मग स्नेहलता दिसल्याबरोबर हातातली पारदर्शक फाइल उंच धरून हलवली. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी आपल्या शेजारी जागा राखून ठेवल्यावर माणूस जसा हसतो तसा तो हसला. स्नेहलतेचं वाक्य अर्ध्यात तुटलं. तिला पहिला विचार सुचला तो असा, की ह्याने निदान तो तपकिरी स्वेटर तरी घालून यायला नको होता.

चूक तिचीच होती. गुरुवारी त्याचा फोन आला होता. त्र्याहत्तर वर्षांचा हा माणूस अडतीस वर्षं योकोहामात राहतोय, तरी पासपोर्ट अजून ब्रिटिश. पंधरा वर्षांहून जास्त बाहेर राहिलेल्यांना तिकडे मतदान करता येत नसे, ती अट ह्या वर्षी गेली आणि नेमकी निवडणूकही लागली. भानुदासने उत्साहाने अर्ज भरला, पण त्याचा तिकडचा जुना सरकारी विमा क्रमांक कुठल्याच कागदाशी जुळेना. तिकडच्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, कळवलं, की तुम्हाला ओळखणाऱ्या, तुमच्या नात्यात नसलेल्या, मतदार यादीत नाव असलेल्या एका ब्रिटिश नागरिकाची सही आणा, मुदत मंगळवारपर्यंत. "मला ओळखणारं असं दुसरं कोण आहे गं? तूच," तो फोनवर म्हणाला होता, आणि तिने म्हटलं होतं, "शनिवारी माझं लंच असतं काका, कान्नाईच्या पबात, नंतर बघते हं." पुण्यात वाढलेल्या कुणालाही ह्या 'बघते हं'चा अर्थ सांगावा लागत नाही. पण भानुदास आफ्रिकेत, कंपालात जन्मला, लेस्टरमध्ये तरुण झाला आणि योकोहामात म्हातारा. मराठी त्याला आईवडिलांकडून मिळालेली, तिच्यातल्या पळवाटा कुणी शिकवल्याच नव्हत्या. तो ते वचनच समजला. वर एका सहीसाठी पोरीला हेलपाटा नको म्हणून स्वतःच आला.

सही करायला काय जात होतं? काही नाही. तिचं नाव यादीत केव्हाच लागलेलं होतं, पेन पर्समध्ये होतं. इतर कुठेही, रस्त्यावर, स्टेशनात, त्याच्या घरी, तिने डोळे मिटून सही केली असती. पण इथे नाही. ह्या टेबलावरची खुर्ची मिळवायला तिला सहा वर्षं लागली होती, आणि ती खुर्ची चार पायांवर नाही, एका समजुतीवर उभी होती. समजूत अशी, की लॅटी आपल्यातली आहे. स्नेहलता हे नाव मॅल्कमला उच्चारता येईना, म्हणून दुसऱ्याच भेटीत त्याने तिची लॅटी केली आणि तिने ती आनंदाने करून घेतली. मॅल्कम सत्तरीचा, बंदरात जहाजांच्या विम्याची तपासणी करून निवृत्त झालेला. जपानी बायकोला इंग्रजी गप्पांचा कंटाळा म्हणून एकटाच यायचा. पॉलीन साठी उलटलेली, डर्बीची, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. बाकीचे येऊनजाऊन, पण ही दोघं कायमची. आधी इथल्या तक्रारी व्हायच्या: जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, प्लॅस्टिक गुरुवारी, आणि चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली की शेजारीण दारात चिठ्ठी चिकटवते, वर चिठ्ठीवर मांजराचं चित्र. पाव मऊ का असतो, चीजला चव का नाही. मग दुसरा पेला आला की तिकडच्या तक्रारी: दवाखान्यांतल्या रांगा, रस्त्यांतले खड्डे, सरकार, आणि शेवटी ते लोक. ते लोक म्हणजे कोण हे कुणी सांगत नसे. पहिल्या वेळी पॉलीन घाईघाईने म्हणाली होती, "तुझ्याबद्दल नाही हं, लॅटी!" तेव्हा स्नेहलता हसली आणि म्हणाली, "उलट, तुम्ही फारच सौम्य बोलता. आम्ही फिया भरून, परीक्षा देऊन, रांगेत उभं राहून आलो. हे रांग मोडणारे आधी हाकला." मॅल्कमने टेबलावर थाप मारली होती. त्या थापेचा आवाज तिला अजून आठवतो. शाळेत बक्षीस मिळताना सुद्धा तिला एवढा आनंद झाला नव्हता.

त्या दिवसापासून ती दर वेळी त्यांच्याहून एक पायरी पुढे बोलत आली. घरी आल्यावर हरीश, तिचा नवरा, तोक्योच्या बँकेतल्या कामाने थकून सोफ्यावर आडवा पडलेला असे, तो विचारी, "काय म्हणते तुझी म्हातारी मंडळी?" आणि ती म्हणे, "छान झाल्या गप्पा." तो कधी आला नाही. त्याला ब्रिटिश पासपोर्ट म्हणजे विमानतळावरची लहान रांग, बाकी काही नाही. स्नेहलतेला मात्र तो हवा होता, त्याच्या आत जायचं होतं. अकरा वर्षं तिकडे रेडिंगमध्ये काढली तिने. पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये एका बाईने तिला विचारलं होतं, की डाळी कुठल्या रांगेत आहेत; तिला तिथली नोकर समजून. स्नेहलतेने सांगितलं सुद्धा, तिसरी रांग, उजवीकडे, आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडली. नंतर ती रडली नाही, शिकली. उच्चार घासूनपुसून घेतले, राजांच्या राण्यांची नावं पाठ केली, हवामानाबद्दल तीन-तीन मिनिटं बोलायला शिकली. सईच्या, तिच्या मुलीच्या, शाळेच्या फाटकाशी नेत्रा नावाची एक मराठी बाई असे, मंगळसूत्र, जाड जॅकेट आणि खाली स्पोर्ट्सचे बूट, ती रस्त्यापलीकडून सगळ्या गोऱ्या आयांच्या देखत ओरडे, "अगं स्नेहल, आज डब्यात काय दिलंस?" त्या एका हाकेसाठी स्नेहलता पुढची दोन वर्षं मुलीला न्यायला दहा मिनिटं उशिरा जात राहिली. पोर वर्गात एकटी दप्तर घेऊन बसे. त्याचं तिला वाईट वाटत असे, आणि तरी ती उशिराच जाई.

"नमस्कार, नमस्कार," म्हणत भानुदास टेबलापाशी पोहोचलासुद्धा. आधी मराठीत, तिच्याकडे बघून, मोकळ्या गळ्याने: "अगं, म्हटलं तू कशाला हेलपाटा घालतेस, मीच येतो. दोन मिनिटांचं तर काम!" मग वळून इंग्रजीत, सगळ्यांना, व्यत्ययाबद्दल माफी मागत. मॅल्कमने भुवया उंचावल्या. फाइल पाहिली, माणूस पाहिला, मग स्नेहलतेकडे पाहिलं. त्या पाहण्यात वाईट असं काही नव्हतं. दोन सारख्या कपबशा दिसल्या की त्या एकाच संचातल्या असणार असं कुणालाही वाटतं, तेवढंच होतं ते. पण स्नेहलतेला ते सबंध अंगावरून फिरल्यासारखं वाटलं, तिच्या कपाळावरून, हातांवरून, सहा वर्षं ह्या टेबलावर न दिसलेल्या तिच्या रंगावरून.

भानुदासने कागद काढून काय हवंय ते थोडक्यात सांगितलं. मॅल्कम म्हणाला, "मग झालंच की. लॅटी तुम्हाला ओळखत असेल. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता ना?"

आता काय म्हणायचं ते तिला कळत होतं. ओठांवर हो होतं. आणि त्याच क्षणी तिच्या डोळ्यांपुढे इशिकावाचो स्टेशनचा फलाट उभा राहिला. आठ वर्षांपूर्वी, इथे येऊन तीन आठवडे झाले होते. गाडी थांबली, सहा वर्षांची सई हात सोडवून खाली उतरली आणि दारं मिटली. काचेपलीकडचं पोरीचं तोंड, उघडलेलं, आवाज नसलेलं. पुढच्या स्टेशनवर उतरून, उलटी गाडी पकडून, चुकून जलद गाडीत बसून आणखी पुढे जाऊन, रडत, पळत, तासाभराने ती परत पोहोचली तेव्हा सई स्टेशनमास्तरच्या खोलीत एका म्हाताऱ्याच्या मांडीवर बसून खरबुजासारखी जाळी पाडलेला गोड पाव खात होती. स्टेशनच्या लोकांशी ती एक अक्षर बोलली नव्हती, नुसती "आई, आई" करत होती, आणि जिन्यावरून जाणाऱ्या भानुदासने तो शब्द ऐकला होता. "ही आपली आहे, म्हटलं," तो म्हणाला होता. त्याची गिऱ्हाइकाची भेट बुडाली, कोटावर पोरीच्या नाकाचं सगळं पुसलेलं होतं. स्नेहलता त्याच्या पायाच पडली तिथे, फलाटावर, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर आठ गणपती तो तिच्या घरी जेवला. त्याला मधुमेह आहे, उकडीचे मोदक दोनच वाढायचे, पण तो तिसरा मागतो, हे तिला माहीत आहे. त्याची बायको कुठल्या दवाखान्यात कुठल्या मजल्यावर गेली हे माहीत आहे, कारण शेवटच्या दिवशी बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी तीच बसली होती. ह्याला ओळख म्हणायचं नसेल तर जगात कुणीच कुणाला ओळखत नाही.

"खरं सांगायचं तर नाही," स्नेहलता म्हणाली. इंग्रजीत, स्वच्छ, अकरा वर्षं घासलेल्या उच्चारात. "कुठेतरी पाहिलं असेल. इंडियन लोकांच्या एखाद्या कार्यक्रमात. पण सही करण्याइतकी ओळख… म्हणजे हे कायद्याचं काम आहे, नाही का? खात्री नसताना कशी करणार?" आणि एवढ्यावर थांबावं ना, पण तिला थांबताच येईना. "ह्यामुळेच तर सगळे घोटाळे होतात. कुणीही कुणासाठीही सह्या ठोकतो."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर बरंसुद्धा वाटलं, ठसठसणारा दात एकदाचा उपटला गेल्यासारखं. मग तिने वर पाहिलं. भानुदासचा चेहरा फार काही बदलला नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, रागाने नाही, नवलाने, आणि ते नवल सावकाश आत कुठेतरी जाऊन बसत होतं. तो आता मराठीत बोलेल. तो सईचं नाव घेईल, मोदकांचं बोलेल, सगळं उघडं पडेल. त्याने तसं काहीच केलं नाही.

"बाई बरोबर बोलतायत," तो इंग्रजीत म्हणाला. "आमची तशी ओळख नाही. माझाच गैरसमज झाला." आणि कागद फाइलमध्ये ठेवता ठेवता तो पॉलीनकडे वळला, कारण तिची पर्स त्याच्या वाटेत होती, आणि म्हणाला, "जरा सरकतेस का, मी डक?"

पॉलीन ताठ झाली. "काय म्हणालात?" लेस्टर, डर्बी ह्या बाजूला लोक कुणालाही मायेने 'मी डक', म्हणजे माझं बदक, असं म्हणतात; बसमध्ये, बाजारात, दुकानात. पॉलीनने चाळीस वर्षांत ते कुणाच्या तोंडून समोरासमोर ऐकलं नसावं. तिने पर्स उचलायच्या ऐवजी खुर्ची ओढली. कुठले तुम्ही? लेस्टर? लेस्टरमध्ये कुठे? आणि भानुदास बसला. बहात्तर साली हुकूमशहाने आम्हा सगळ्यांना कंपालातून हाकलल्यावर एका सुटकेसनिशी आलो, सांगू लागला, आधी लष्कराच्या छावणीत पत्र्याखाली ठेवलं, मग बारा वर्षं मोजे विणायच्या कारखान्यात रात्रपाळी केली. तो बोलू लागला तशी त्याच्या इंग्रजीतून एक एक गोष्ट बाहेर येऊ लागली, बाजारातला मटाराचा गरम वाडगा, फुटबॉलच्या मैदानाजवळचा चिप्सवाला, पावाला तिकडे म्हणतात तो शब्द, कारखान्याच्या भोंग्यानंतरची शिवी. शिवी ऐकून मॅल्कम इतका हसला की त्याला ठसका लागला. स्नेहलता बघत राहिली. स्वर ओबडधोबड, व्याकरण मोडकं, शब्दांचे शेवट गिळलेले. जे जे तिने स्वतःच्या बोलण्यातून घासून काढलं होतं ते सगळं ह्या माणसाने तसंच ठेवलं होतं, आणि हे लोक त्यासाठीच भुकेले होते. सहा वर्षं ती त्यांना परीक्षेची उत्तरं देत आली होती. पॉलीन आपल्या वडिलांच्या कारखान्याबद्दल बोलली. तिचे वडील कारखान्यात होते हे स्नेहलतेला माहीतच नव्हतं. तिच्याजवळ पॉलीनने कधी चीजपलीकडचं काही काढलं नव्हतं.

"द्या इकडे तो कागद," मॅल्कम अचानक म्हणाला.

"अहो, पण तुमची-माझी ओळख दहा मिनिटांची," भानुदास म्हणाला.

"एवढ्या वेळात मी बायकोला लग्नाचं विचारलं होतं." त्याने खिशातून पेन काढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला. अटी वाचल्या नाहीत. कायदा, खात्री, घोटाळे, काही काही आडवं आलं नाही. स्नेहलतेला वाटलं, हा आता आपल्याकडे बघेल, निदान डोळ्यांनी तरी विचारेल, की तू म्हणालीस त्याचं काय. त्याने पाहिलंच नाही. सह्या करताना ज्यांना घाबरावं लागत नाही त्या माणसांच्या सवयीने त्याने भराभर लिहिलं, आणि एका रकान्यापाशी थांबला. "किती वर्षांपासून ओळखता, असं आहे. काय घालू?"

"घाल काहीतरी मोठं," पॉलीन म्हणाली.

"आठ लिहा," भानुदास म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. मॅल्कमने आठ लिहिलं.

त्या आकड्याने स्नेहलतेला कानाखाली बसल्यासारखं झालं. उठावं, म्हणावं, काका, चुकलं माझं, द्या तो कागद. पण कागद भरून झाला होता. तिच्या सहीची आता कुणाला गरजच नव्हती, आणि गरज नसताना मागितलेली माफी म्हणजे नुसता तमाशा. शिवाय मराठीत बोलायचं म्हणजे ह्यांच्यासमोर खोटं ठरायचं. ती बटाट्याचा तुकडा व्हिनेगरमध्ये बुडवत राहिली. तिला भानुदासचा रागही आला. ह्याने सगळं सांगून टाकलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर निदान भांडता आलं असतं. तिचं खोटं सांभाळून त्याने तिला कुठलंच ठेवलं नव्हतं.

मालकाने चौथा पेला आणून ठेवला. मॅल्कम खुशीत होता. "आता सांगून टाका गुप्ते, मत कुणाला?"

भानुदासने फाइल शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवली, पावसाने भिजू नये म्हणून. "जो हे येणं थांबवेल त्याला," तो म्हणाला. "बोटींचं सोडा हो. बोटीत बसणारा जीव घेऊन पळतो, मीही पळालेलो आहे. मी नंतर आलेल्यांबद्दल बोलतोय. आम्हाला लोकांनी काठ्या दाखवल्या, दारात घाण टाकली, तरी आम्ही तिथे राहिलो, मोजे विणले, आईबापांना तिथेच जाळलं. आणि हे कॉम्प्युटरवाले येतात. मोजून दहा-अकरा वर्षं राहतात, परीक्षा पास होतात, पासपोर्ट मिळाला की जास्त पगार असेल तिकडे चालू लागतात. त्यांना तो देश म्हणजे विमानतळावरची बसायची जागा. आणि वर बोलतात सगळ्यांत मोठ्याने. त्यांचे पासपोर्ट काढून घेईल तो माझा उमेदवार." हे सगळं तो अगदी शांतपणे, पेल्याखालची गोल चकती सरळ करत बोलला.

हे तो सूड म्हणून बोलला, की पहिल्यापासून त्याला असंच वाटत होतं? स्नेहलतेला कळेना, आणि कुठलं जास्त वाईट तेही ठरवता येईना. तिच्या घरी, तिच्या ताटावर बसून तो हे कधी बोलला नव्हता. पण मनात तेव्हाही असलं पाहिजे. वरण वाढताना ती वाकली असेल आणि हा तिच्याकडे बघून हेच म्हणत असेल. की आज, आत्ता, ह्या टेबलावर, तिच्यामुळे त्याला ते सापडलं? पॉलीनने एकदा स्नेहलतेकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मग पेला उचलला. मॅल्कमने टेबलावर थाप मारली. सगळे पेले हलले. "अगदी बरोबर!" तो ओरडला, आणि पॉलीन हसली, आणि भानुदास थोडा लाजून हसला. स्नेहलताही हसली. सगळ्यांच्या आधी नाही, पण हसली. "हेच मी म्हणत असते," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

मग पॉलीनला फोटोची हुक्की आली. डर्बीतल्या बहिणीला पाठवायचाय, म्हणाली, योकोहामात लेस्टरवाला भेटला म्हणून. मालक कढईपाशी गुंतला होता. "लॅटी, तू काढ ना." फोन तिच्या हातात आला. तिघं एका बाजूला सरकले. मॅल्कमने भानुदासच्या खांद्यावर हात टाकला, भानुदासने फाइल बाहेर काढून छातीशी धरली, पॉलीनने केस सारखे केले. चौकटीत मॅल्कमचा कान कापला जात होता.

"थोडी मागे हो, राणी," मॅल्कम म्हणाला.

ती मागे झाली. आता पॉलीनचा हात बाहेर राहत होता.

"अजून थोडी."

ती आणखी मागे सरकली, दुसऱ्यांच्या खुर्च्यांमधून, टांगलेल्या ओल्या कोटांमधून, पाठीला दार लागेपर्यंत. फटीतून गार वारा येत होता. पडद्यावर ते टेबल लहान आणि उजळ दिसत होतं.

"आलो का आम्ही सगळे?" पॉलीनने विचारलं.

भानुदास कॅमेऱ्याकडे बघत होता.

"हो," स्नेहलता म्हणाली. "सगळे आलात."